उजवी कुणाची, भाऊ?

भाऊ, चार रविवार असेच गेले. सकाळी दहाला तुमचा फोन येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी पावणेदहाला मी पेन्सिलीला टोक काढायचे आणि कागद बोर्डाला चिकटवायचे. मग सव्वादहाला स्वतःलाच चार शिव्या घालून चहा टाकायचे. कालचा पाचवा रविवार मात्र वेगळा गेला. तेच सांगायला बसलेय.

शोकसभेत लोक छान बोलले हो तुमच्याबद्दल. हवाई दलातली नोकरी, मंडळासाठीची धावपळ, रक्तदान, सगळं आलं. मी मागच्या रांगेत हसू दाबत बसले होते. कारण माझ्या पुढ्यात पिवळ्या शर्टावर पांढरं जाकीट घातलेले एक गृहस्थ होते आणि मला तुमचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, "पिवळ्यावर पांढरं? अवो, दुरून दिसते काय हा माणूस?" फिक्यावर फिकं नको, गडदावर गडद नको, हा तुमचा झेंड्याचा पहिला नियम. झेंड्यापुरता ठेवला असतात तर बरं होतं. तुम्ही तो वहिनींच्या साड्यांना, माझ्या पडद्यांना आणि लेकीच्या, ऋचाच्या लग्नपत्रिकेलासुद्धा लावलात. पत्रिका दोनदा छापावी लागली.

आपली ओळख तरी कुठे सरळ झाली? मी सांगलीची, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत ड्रॉइंग ऑफिसात उपकरणांचे नकाशे काढणारी. चंदीगडला येऊन इतकी वर्षं झाली होती, पण इथल्या मराठी मंडळात कुणाशी फारसं बोलणं नव्हतं. गणपतीच्या बैठकीला तुम्ही शेजारी येऊन बसलात. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. वही उघडलीत आणि म्हणालात, "ताई, झेंड्याची दांड्याले बांधलेली कड अन् तिकडची फडफडणारी कड, ह्या दोघींले मराठीत काय म्हणाचं?"

"एक इकडची, एक तिकडची," मी म्हटलं.

तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत! माझ्यादेखत! नंतर कळलं, की तुम्हाला काहीतरी उत्तर देणारी मी पहिलीच होते. बाकीचे "काय हो तुम्हीपण" म्हणून सटकायचे.

ती तुमची लाल वही. हवाई दलात तुम्ही वर्षानुवर्षं रोज सकाळी झेंडा चढवलात, संध्याकाळी उतरवलात, आणि त्याचे सगळे शब्द इंग्रजीच ऐकलेत. निवृत्तीनंतर गोंदियाला न जाता इथेच राहिलात, कारण वहिनी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. वेळ भरपूर. मग ठरवलंत, झेंड्याच्या प्रत्येक भागाला आपल्या भाषेत नाव पाहिजे. "जरीपटका मिरवणाऱ्यांजवळ शब्द नसतीन काय? असतीन. आपल्याले सापडत नाहीत, त आपण करू."

मधलं मोठं कापड म्हणजे पट. दांड्याकडचा वरचा चौकोन म्हणजे मानाचा कोपरा. शेवटी दोन टोकांत चिरलेला झेंडा तो दुजिभी. गाडी अडली ती माझ्या 'तिकडच्या' कडेवर. उडती, मोकळी, वाऱ्याकडची, एकही तुमच्या मनास येईना. अख्खा हिवाळा गच्चीवर उन्हात बसून तुम्ही संत्री सोलत होतात आणि शब्द नापास करत होतात. शेवटी वहिनी पोळ्या लाटता लाटता कावल्या, "त्याले पदर म्हणा न! साडीची एक बाजू खोचते, दुसरी उडते. उडते तो पदर."

"अन् बांधलेली बाजू?"

"खोचणी. आता जा तिकडं."

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात टाचा जुळवून सॅल्यूट ठोकलात. वहिनींनी लाटणं दाखवलं. तेव्हापासून वहिनींचं वहीतलं नाव 'पंजे उगारलेली'. निशाणांवरच्या प्राण्यांचे असे पवित्रे असतात म्हणे, चालता, बसलेला, पंजे उगारलेला, मान वळवून बघणारा. तुम्ही ते घरच्यांना वाटून टाकलेत. ऋचा ऑफिसातून दमून आली की 'निजलेली सिंहीण'. ती म्हणायची, "पापा, आप ना इम्पॉसिबल हो." तुमच्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण ती बोलते हिंदीतच, याचं तुम्हाला वाईट वाटायचं. कधी बोललात नाहीत, पण मला दिसायचं.

आणि रविवारचा खेळ. तुम्ही फोनवर एखादं निशाण फक्त शब्दांत सांगायचं, मी मधे एकही प्रश्न न विचारता काढायचं, आणि मग फोटो पाठवायचा. तुमचं म्हणणं, वर्णन हाच खरा झेंडा. चित्र शंभर जण शंभर तऱ्हेनं काढतील. आमच्या ऑफिसात नेमकं उलटं, नकाशा खरा, बाकी सगळी बडबड. त्यामुळे मी दर वेळी हट्टानं बसायचे आणि दर वेळी तुम्ही ख्या ख्या हसायचात. "सिंहाची मांजर केली बाई तू!" भाऊ, इतकी मी माहेरीही कधी हसले नाही. या परक्या गावात रविवार माझा झाला तो तुमच्यामुळे.

आता हत्ती. टाळून कुठे जाणार?

मंडळाच्या ढोलपथकाला निशाण हवं होतं. तुम्ही एका लग्नाला नागपूरला निघाला होतात, घाईत फोन केलात, "पट केशरी. मधात पांढरा हत्ती, चालता, सोंड वर, तोंड उजवीकडे. मानाचा कोपरा मोकळा." मी काढला. तोंड उजवीकडे, म्हणजे कागदाच्या उजवीकडे. दुसरी उजवी असते हे मला काय स्वप्न पडणार होतं? सेक्टर बावीसच्या शिंपी मास्टरजींनी साटिनचा हत्ती टाचला, मागून कोरं केशरी अस्तर लावलं, आणि तुम्ही परत आलात ते थेट मिरवणुकीत.

निशाण सगळ्यात पुढे. दांडा पुढे, कापड मागे उडतंय. आणि हत्तीचं तोंड मागे! पथक पुढे चाललंय, गणपती पुढे चाललाय, आणि हत्ती ढोलांना घाबरून घरी पळत सुटलाय. फुटपाथवरच्या एका बाईंनी मोठ्यानं विचारलंसुद्धा, "ओ जी, हाथी किद्धर चल्लेया?"

तुम्ही डोक्याला हात लावलात. "बाई, उजवीकडे म्हटलं होतं न मी!"

"उजवीकडेच आहे!"

"कोणाच्या?"

"माझ्या!"

"तुझ्या कशाले? धरणाऱ्याच्या! ढाल घेऊन माणूस उभा आहे, त्याची उजवी. तू त्याच्या समोर उभी, म्हणजे तुझी डावी. जनावराचं तोंड खोचणीकडे पाहिजे, झेंडा पुढे गेला की जनावर पुढे गेलं पाहिजे. जगाले माहीत आहे हे!"

"सांगलीला नाही माहीत!"

ढोल वाजत होते, म्हणून आपण ओरडत होतो. लोकांना वाटलं खरंच भांडण लागलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, उसवून घेऊ, तर तुम्हीच नाही म्हणालात. "राहू दे. पळपुटा असला तरी आपलाच हत्ती आहे." नऊ वर्षं तो हत्ती दर गणपतीत पळतोय, आणि नऊ वर्षं आपण तेच भांडतोय. माझं म्हणणं, चित्र बघणाऱ्यासाठी असतं, तेव्हा उजवी बघणाऱ्याची. तुमचं म्हणणं, झेंडा धरणाऱ्याचा असतो, तेव्हा उजवी धरणाऱ्याची. कुणी म्हणून मागे हटायला तयार नाही.

एकदा तर तुम्ही मुद्दाम पास काढून मला कॅपिटल कॉम्प्लेक्सला नेलंत, त्या उघड्या हाताच्या शिल्पाखाली उभं केलंत आणि विचारलंत, "सांग, उजवा का डावा?" मी आपली अंगठा कुठला, करंगळी कुठली बघतेय, तेवढ्यात वारा आला आणि हात फिरला. तो फिरतोच म्हणे वाऱ्याबरोबर. "आता सांग," तुम्ही म्हणालात. आपण दोघं इतके हसलो की गाइड पळत आला, "क्या हुआ सर?" तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "कुछ नहीं बेटा, हाथ का मामला है." परतताना कोर्टासमोरच्या शिपायाला 'झेंड्याची दोरी सैल आहे' हे सांगायला थांबलात, तो भाग वेगळा. पाऊण तास.

हे सगळं आठवलं की बरं वाटतं. एकच दिवस आठवला की वाटत नाही.

तुमचा शेवटचा रविवार. मला ऑफिसचं काम घरी आणावं लागलं होतं, डोकं उठलं होतं, आणि तुम्ही सुरू केलंत, "तर बाई, तोंड उजवीकडे..." मी तोडलंच. "भाऊ, आज नको. तुमची उजवी, माझी उजवी, मला कंटाळा आलाय खरंच." तुम्ही म्हणालात, "बरं बरं. जरा महत्त्वाचं होतं. पुढच्या रविवारी करू." गुरुवारी सकाळी ऋचाचा फोन आला, "आंटी, पापा नहीं रहे."

भांडल्याचं मला काही वाईट वाटत नाही. आज फोन आला तर आज भांडेन. पण तो 'कंटाळा' शब्द आता परत घेता येत नाही. खोटं होतं ते, भाऊ. मला एकाही रविवारी कंटाळा आला नव्हता, आणि ते सांगायला पुढचा रविवार मिळाला नाही.

तुमच्या तेराव्यानंतर ऋचानं वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलेलं, 'मेधासाठी. घराचं निशाण.' म्हणजे हेच तुम्ही त्या दिवशी सांगत होतात. ऋचानं लिहिलं होतं, मम्मीला हा झेंडा तुमच्या वाढदिवशी गच्चीवर लावायचाय. फोटोला हार घालून मला भिंतीवर टांगू नका, असं तुम्ही त्यांना बजावून ठेवलं होतंत ना, म्हणून.

'पट निळा. मधात सारस, पांढरा, कारण राखाडी नियमात बसत नाही. एका पायावर उभा, जागता. उचललेल्या पायात संत्रं. तोंड उजवीकडे. मानाचा कोपरा मोकळा, पाहुण्यांसाठी. अस्तर लावू नये. एकच कापड, वारा आरपार जाऊ द्यावा.'

जागता सारस मला माहीत होता, तुम्हीच कधीतरी सांगितला होतात. जुन्या निशाणांवर तो पायात दगड धरून पहारा देतो, डोळा लागला की दगड पडतो आणि तो जागा होतो. तुम्ही दगड काढून संत्रं दिलंत. सारस तुमच्या गोंदियाचा, संत्रं वहिनींच्या काटोलचं, आणि जागता पवित्रा हॉस्पिटलात रात्र रात्र जागलेल्या बाईसाठी. नवऱ्यानं बायकोचं केलेलं एवढं कौतुक मी तरी पाहिलेलं नाही. आणि ते त्यांना तोंडावर सांगायची मात्र तुमची छाती नव्हती.

बोर्डावर कागद लावला. पट, पाय, संत्रं, सगळं झटझट झालं. 'तोंड उजवीकडे' आलं आणि पेन्सिल थांबली. प्रश्न विचारायचा नाही हा खेळाचा नियम, पण विचारायला माणूसच नाही, असं कधी झालं नव्हतं. तासभर तशीच बसले. माझा हात नऊ वर्षांच्या सवयीनं कागदाच्या उजवीकडे जात होता. मग म्हटलं, जाऊ दे. निदान आता तरी या माणसाचं ऐकू. तुमच्या उजवीकडे, म्हणजे माझ्या डावीकडे, थेट खोचणीकडे चोच काढली. खाली कोपऱ्यात ऑफिसच्या पद्धतीनं टीप लिहिली, 'उजवी : धरणाऱ्याची.' आणि जी रडले, जी रडले, की कागद बदलावा लागला. दुसऱ्यांदा काढतानाही तशीच काढली. म्हटलं, घ्या भाऊ, हरले मी.

मास्टरजींना हत्ती पक्का लक्षात होता. चष्म्यावरून बघत म्हणाले, "मैडम जी, इस बार मुँह ठीक पासे है ना?"

"पक्का, मास्टरजी."

अस्तर नको म्हटल्यावर त्यांनी फार जीव ओतून काम केलं. निळं कापड कापून त्या जागी पांढरा सारस बसवला, म्हणजे मागून-पुढून एकसारखा. पैसे घेईनात. म्हणाले, वाढदिवसाला येतो.

तर काल. रविवार, सकाळचे दहा, तुमचा वाढदिवस. गच्चीवर झेंड्यासमोर पाच खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनी, ऋचा, मास्टरजी, मी, आणि तुमची ती करकरणारी लोखंडी खुर्ची. वहिनींनी तुम्ही शिकवलेली घडी घातली होती, आत गुलाबाच्या पाकळ्या. दोरी मला ओढायला लावली. गाठ एका झटक्यात सुटली, पाकळ्या सगळ्यांच्या डोक्यावर पडल्या, आणि डोंगराकडून वारा आला तसा तुमचा सारस फाडकन उघडला. चोच खोचणीकडे. दुरून लख्ख दिसणारा. मास्टरजींनी टाळ्या वाजवल्या. मी छाती पुढे काढून उभी होते.

मग ऋचा वही घेऊन उठली. भाऊ, तिनं ते पान वाचलं. मराठीत! चार दिवस घोकत होती म्हणे. 'पट निळा' म्हणताना तिचा 'ळ' तीनदा घसरला, तरी रेटून वाचलं पोरीनं. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. तुम्हाला हे ऐकायला मिळायला हवं होतं. मी एवढं एकच मागितलं असतं.

शेवटी तिनं पान उलटलं आणि थबकली. "आंटी, पीछे भी कुछ लिखा है. ये तो मैंने भेजा ही नहीं."

"वाच ना," मी म्हटलं.

तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. 'या पानावरची उजवी ही मेधाची उजवी आहे. बघणाऱ्याची. नऊ वर्षं भांडून राहिली बिचारी. तिच्या उजवीकडे काढला त सारस खोचणीकडे पाठ करीन, पण चालते. एक डाव तिचं खरं होऊ द्या.'

मी वर बघितलं. झेंडा डौलात फडकत होता आणि उलटा होता. माझ्या नियमानं उलटा, जो तुम्ही माझ्यासाठी मान्य केला होतात, तुमचा हत्तीचा हट्ट सोडून! आणि तुमच्या नियमानं सुलटा, जो मी तुमच्यासाठी मान्य केला होता. म्हणजे शेवटच्या रविवारी तुम्ही भांडायला फोन केलाच नव्हता. तुम्ही हरायला फोन केला होतात, आणि मी म्हटलं कंटाळा आलाय. मी मटकन खुर्चीत बसले. हसायला यायला लागलं आणि रडायलाही, आणि दोन्ही एकदम काही नीट होईना. मास्टरजी घाबरले, "फेर गलत हो गया, जी? मैं उधेड़ देता हूँ!"

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं.

वहिनी या गोंधळात नव्हत्याच. दोरीचं टोक बांधायला त्या झेंड्यामागे, पाण्याच्या टाकीकडे गेल्या होत्या. तिकडून त्यांची हाक आली, "मेधाताई, इकडून त बराबर दिसून राहिला वो!"

आम्ही धावत टाकीच्या बाजूला गेलो. अस्तर नव्हतं ना, सारस आरपार दिसत होता. तिथून दांडा माझ्या उजव्या हाताला होता, आणि सारसाची चोच माझ्या उजवीकडे होती, आणि खोचणीकडेसुद्धा. तुमचं खरं, माझंही खरं. नऊ वर्षं आपण एकाच बाजूला उभे राहून भांडत होतो, भाऊ, दुसऱ्या बाजूला जाऊन बघायचं कुणाला सुचलं नाही.

मग वहिनी म्हणाल्या, चहा इकडेच घेऊ. आम्ही खुर्च्या उचलल्या आणि टाकीच्या बाजूला मांडल्या. तुमचीसुद्धा.